भाव आधी कुणाला कळतो

1980च्या दशकात सांगलीत किंवा नाशकात राहणाऱ्या एखाद्या माणसाला शंभर शेअर घ्यायचे असले, तर त्याला आधी गावातला सब-ब्रोकर गाठावा लागे. सब-ब्रोकर मुंबईच्या दलालाला फोन लावी. फोन लागला तर दलाल आपल्या माणसाला शेअर बाजाराच्या रिंगणात पाठवी. सौदा झाल्याचा निरोप उलट्या वाटेने येई आणि काही दिवसांनी कॉन्ट्रॅक्ट नोट हातात पडे. तिच्यावर भाव लिहिलेला असे. तो खरा आहे की नाही हे तपासायला गिऱ्हाइकापाशी एकच साधन होते, दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र. त्यात दिवसाचा पहिला भाव, सर्वांत वरचा, सर्वांत खालचा आणि शेवटचा असे चार आकडे छापून येत. समजा दलालाने शेअर 142 रुपयांना घेतला आणि नोटेवर 145 लिहिले. दिवसभराच्या चढउतारात 145 बसत असेल, तर तक्रार करायला जागाच नसे. दलाली वेगळी घेतली जाई ती जाईच. वर हे तीन रुपये. दलाल स्ट्रीटवर या मधल्या फरकाला नाव होते: गाळा.

गाळा नियमात बसणारा नव्हता, पण तो सर्वांना ठाऊक होता. रिंगणात उभ्या असलेल्या माणसाला या क्षणाचा भाव माहीत असे आणि रिंगणाबाहेरच्याला तो माहीत नसे, एवढ्या एका गोष्टीवर तो तगून होता. मुंबईच्या शेअर बाजारात 1994 ते 1999 या पाच वर्षांत संगणकांनी काय उलथापालथ केली, ती या गाळ्यापासून सुरुवात केली की नीट उमगते.

वडाच्या झाडांपासून फिरोज जीजीभॉय टॉवर्सपर्यंत

बातमी आधी मिळवणे हा मुंबईच्या दलालांचा फार जुना उद्योग. 1850च्या दशकात टाऊन हॉलसमोर, आजच्या हॉर्निमन सर्कलच्या जागी, वडाच्या झाडांखाली मूठभर दलाल जमत. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोहोचेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीचा अनभिषिक्त राजा प्रेमचंद रायचंद. लिव्हरपूलचे कापसाचे भाव इतरांच्या आधी कळावेत म्हणून तो बंदरात शिरणाऱ्या आगबोटींना गाठायला खोल समुद्रात होड्या पाठवी, असे सांगितले जाते. 1865च्या सुरुवातीला इराणच्या आखातातून येणाऱ्या तारेने मुंबई लंडनशी जोडली गेली. त्याच वर्षी युद्ध संपल्याची बातमी आली, कापूस कोसळला, आणि 1 जुलैला वायदे पुरे करण्याची वेळ आली तेव्हा शहरातल्या निम्म्याशिम्म्या पेढ्यांचे दिवाळे वाजले.

त्या राखेतून उठलेल्या दलालांनी 1875मध्ये आपली संस्था काढली: नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन. सभासद होण्याची फी एक रुपया. ज्या गल्लीत ती स्थिरावली तिला दलाल स्ट्रीट हे नाव पडले. पुढच्या शंभर वर्षांत तार आली, टेलिफोन आला, इमारती बदलल्या. 1980च्या सुमारास तर बाजार फिरोज जीजीभॉय टॉवर्स या उंच मनोऱ्यात राहायला गेला. सौदा करण्याची रीत मात्र तीच राहिली. माणसांनी एका जागी जमायचे, ओरडून भाव पुकारायचा, समोरच्याने होकार दिला की दोघांनी आपापल्या वहीत नोंद करायची.

दुपारी दोन-अडीच तास हा कारभार चाले. रिंगणात कुठल्या शेअरचा व्यवहार कुठे होतो ते ठरलेले असे, आणि तिथे त्या शेअरचे जॉबर उभे असत. जॉबर दोन भाव सांगे, घ्यायचा आणि द्यायचा. मधल्या फरकावर त्याचे पोट. कसलेला जॉबर समोरच्याच्या चेहऱ्यावरून ओळखे, की हा विकायला आलाय की विकत घ्यायला, आणि त्याप्रमाणे आकडा सरकवी. इथली भाषा मुख्यतः गुजराती, शब्दाला मोल, आणि लेखी पुरावा म्हणजे खिशातल्या छोट्या वहीतली पेन्सिलीची ओळ. संध्याकाळी दलालांच्या कचेऱ्यांत या ओळी एकमेकींशी ताडून पाहिल्या जात. एकाच्या वहीत पाचशे आणि दुसऱ्याच्या वहीत तीनशे निघाले की वांधा. तो आपापसात मिटे, बहुतेकदा मिटेच, कारण उद्या पुन्हा त्याच माणसासमोर उभे राहायचे असे.

ही व्यवस्था मूर्खपणाची नव्हती. पाच-सातशे माणसे एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखत असताना ती उत्तम चालली. पण 1970च्या दशकात बाजाराचे माप बदलले. 1973च्या फेरा कायद्यामुळे बहुतेक परदेशी कंपन्यांना आपला वाटा 40 टक्क्यांवर आणणे भाग पडले. कोलगेट, हिंदुस्थान लिव्हर यांसारखी नावे मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आली. 1977मध्ये रिलायन्सने भांडवल उभारणी केली आणि तिच्यापाठोपाठ शेअर ही शिक्षकांच्या, बँक कर्मचाऱ्यांच्या घरातली वस्तू झाली. दलाल स्ट्रीटच्या फुटपाथवर नव्या इश्यूंचे अर्ज विकणाऱ्यांच्या रांगा लागल्या. 1986मध्ये सेन्सेक्सची सुरुवात झाली, आणि रिंगणात कधीच पाय न ठेवलेल्या लाखो लोकांना बाजाराची नाडी दाखवणारा एक आकडा मिळाला. एकेका सौद्याचा भाव मात्र अजूनही रिंगणातच होता.

कागदाचे डोंगर

भावाचा गाळा ही गिऱ्हाइकाची पहिली अडचण. दुसरी त्याहून मोठी होती, कारण ती डोळ्यांना दिसे: कागद.

शेअर म्हणजे छापील प्रमाणपत्र. विकणाऱ्याने हस्तांतराच्या फॉर्मवर सही करायची, त्यावर रकमेच्या अर्धा टक्का किमतीचे मुद्रांक चिकटवायचे, आणि हा जोड दलालामार्फत घेणाऱ्याकडे जायचा. घेणाऱ्याने तो कंपनीकडे किंवा तिच्या रजिस्ट्रारकडे पाठवायचा. तिथे जुनी सही ताडून पाहिली जाई. पंधरा वर्षांपूर्वी केलेली सही आणि आजची सही यांत फरक पडला की ‘बॅड डिलिव्हरी’चा शेरा मारून गठ्ठा परत. तो घेणाऱ्याकडून त्याच्या दलालाकडे, तिथून विकणाऱ्याच्या दलालाकडे, मग मूळ मालकाकडे, आणि तोवर मालकाने पत्ता बदललेला असला तर विषयच संपला. नाव चढवून प्रमाणपत्र परत द्यायला कायद्यानेच कंपनीला दोन महिन्यांची मुदत दिली होती. या मधल्या काळात शेअर विकता येत नसत. टपालात गहाळ होणारे, चोरीला जाणारे आणि चक्क खोटे छापलेले शेअर वेगळेच.

पैशांचा हिशोबही सावकाशीने चाले. मुख्य शेअर्सच्या गटात पंधरवड्याचे सौदे एकत्र करून वळण होई, म्हणजे देणी-घेणी चुकवली जात. आणि ज्याला चुकवायची नसत तो व्याजासारखा ‘बदला’ भरून सौदा पुढच्या वळणावर ढकले. पंधरा-पंधरा दिवस कुणाचे कुणाला किती देणे साचले आहे, हे एका नजरेत सांगणारी एकही वही बाजारात नव्हती.

1992चा घोटाळा

अशी वही नसली की काय होते, ते 1992मध्ये दिसले. आणि गंमत म्हणजे ते आधी शेअर बाजारात दिसले नाही, ज्या बाजाराला सर्वांत सभ्य समजले जाई त्या सरकारी रोख्यांच्या बाजारात दिसले.

सरकारी रोखे बँका एकमेकींना टेलिफोनवरून, दलालांच्या मध्यस्थीने विकत. कुठल्या बँकेकडे किती रोखे आहेत याची नोंद रिझर्व्ह बँकेच्या सार्वजनिक कर्ज कचेरीत ठेवली जाई, आणि ती हाताने लिहिली जाई. नोंद व्हायला वेळ लागे म्हणून बँकांनी आपसात एक सोयीचा कागद रूढ केला, बँक रिसीट. रोखे नंतर देऊ, तोवर ही पावती ठेवा. मध्यस्थ दलालाने या पावत्या आणि धनादेश यांच्या मधल्या काळात पैसा आपल्या खात्यातून फिरवून घ्यायला सुरुवात केली. हर्षद मेहता हे त्यातले सर्वांत गाजलेले नाव. बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक या दोन लहान बँकांनी तर हाती रोखे नसताना पावत्या फाडल्या. बँकांचा पैसा शेअर बाजारात वाहिला आणि सेन्सेक्सने 4,000चा आकडा ओलांडला. 23 एप्रिल 1992 रोजी टाइम्स ऑफ इंडियात सुचेता दलाल यांची बातमी आली आणि डोलारा कोसळला. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जानकीरामन समितीने काढलेली तूट सुमारे 4 हजार कोटी रुपयांची होती. कराडची बँक त्याच वर्षी बुडाली.

घोटाळ्याची चर्चा माणसांच्या हावरेपणावर केंद्रित झाली, आणि तसे होणे स्वाभाविकच होते. पण सौदा झाला त्या क्षणी मालकी कुणाची, याचे उत्तर देणारी नोंद कित्येक दिवस मागे पडलेली असणे, ही त्या हावरेपणाला मिळालेली मोकळी जागा होती.

वरळीतली नवी दुकानदारी

नव्या बाजाराची कल्पना मात्र घोटाळ्याच्या आधीची. एम. जे. फेरवानी यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने 1991मध्येच एका राष्ट्रीय शेअर बाजाराची शिफारस केली होती. पडद्यावरचा व्यवहारही अगदीच अनोळखी नव्हता. ओटीसी एक्स्चेंज ऑफ इंडिया या संस्थेने 1992मध्ये रिंगणाशिवाय, संगणकावर सौदे सुरू केले होते. तो बाजार मात्र कधी रांगेला लागला नाही. तिथे छोट्या, अनोळखी कंपन्या नोंदवल्या जात, त्यांत घ्यायला-विकायला फार कुणी येईना. ज्या शेअर्समध्ये लोकांना रस होता ते दलाल स्ट्रीटवर, आणि दलाल स्ट्रीट दलालांच्या मालकीचा.

आयडीबीआयचे अध्यक्ष एस. एस. नाडकर्णी यांच्या पुढाकाराने नोव्हेंबर 1992मध्ये नॅशनल स्टॉक एक्स्चेंज, म्हणजे एनएसई, कंपनी म्हणून नोंदवला गेला. डॉ. आर. एच. पाटील हे अर्थतज्ज्ञ त्याचे पहिले व्यवस्थापकीय संचालक. रवी नारायण, चित्रा रामकृष्ण, आशिषकुमार चौहान अशी तरुण मंडळी त्यांच्या हाताशी होती. वरळीच्या महिंद्र टॉवर्समध्ये कचेरी थाटली गेली. या मंडळींचा पहिला मोठा निर्णय यंत्रांबद्दल नव्हताच. बाजाराची मालकी वित्तसंस्थांकडे राहील, दलाल फक्त सभासद असतील, आणि ते बाजार चालवणार नाहीत, असा तो निर्णय होता. दलाल स्ट्रीटवर संचालक मंडळातच दलाल बसत. स्वतःचा गाळा बंद करणारे यंत्र ते स्वतःहून कशाला विकत घेतील?

दुसरा निर्णय जॉबरला वगळण्याचा. एनएसईच्या यंत्रात कुणी मधला माणूस भाव पुकारणार नव्हता. प्रत्येकाची ऑर्डर थेट मध्यवर्ती संगणकाकडे जाणार, आणि संगणक दोनच नियम पाळणार: चांगला भाव देणारा आधी, भाव सारखा असेल तर आधी आलेला आधी. समोर कोण आहे हे कुणालाच दिसणार नव्हते. सांगलीचा शंभर शेअरवाला आणि युनिट ट्रस्टसारखी बडी संस्था एकाच रांगेत. संगणक निवडले ते स्ट्रॅटस कंपनीचे, ज्यांत महत्त्वाचा प्रत्येक भाग जोडीने चाले. एक बिघडला तरी दुसरा काम थांबू देत नसे. आज्ञावलीच्या कामात टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची मदत होती.

खरी अडचण तिसरीच होती. देशभरच्या दलालांना या संगणकाशी जोडायचे कसे? त्या काळी पावसाळ्यात टेलिफोनची लाइन महिनोन्‌महिने बंद पडे. डेटा वाहून नेणारी भाड्याची लाइन मिळवणे आणि ती चालू ठेवणे हे दिव्यच. एनएसईने जमिनीवरचा रस्ताच सोडून दिला आणि उपग्रहाचा धरला. दलालाच्या गच्चीवर व्हीसॅटची थाळी बसवायची, तिने संदेश उपग्रहाकडे पाठवायचा, उपग्रहाने तो मुंबईतल्या केंद्राकडे उतरवायचा.

या निवडीचा एक परिणाम फार क्वचित सांगितला जातो. भूस्थिर उपग्रह सुमारे 36 हजार किलोमीटर उंचावर असतो. तिथवर जाऊन परत खाली यायला संदेशाला साधारण पाव सेकंद लागतो. या प्रचंड अंतरापुढे मुंबई आणि गुवाहाटी यांमधले अंतर किरकोळच. वरळीत एनएसईच्या इमारतीला खेटून कचेरी घेतलेल्या दलालाचा संदेशही आधी आकाशात जाई आणि मगच शेजारच्या इमारतीत उतरे. सगळे जवळपास सारखेच दूर होते. सव्वाशे वर्षे जवळिकीवर चाललेल्या धंद्यात ही नवीच गोष्ट होती.

पडदा उजळतो

30 जून 1994 रोजी एनएसईवर रोख्यांचे व्यवहार सुरू झाले. ज्या बाजारात घोटाळा झाला, पहिला पडदा तिथेच लागला. 3 नोव्हेंबर 1994 रोजी, ऐन दिवाळीत, शेअर्सचे सौदे सुरू झाले. दलाल स्ट्रीटवरच्या अनेकांना हे खेळणे वाटले. माणसाच्या डोळ्याला डोळा न भिडवता कुणी लाखाचा सौदा करील, यावर त्यांचा विश्वास बसेना.

गिऱ्हाइकांचा बसला. एनएसईच्या कॉन्ट्रॅक्ट नोटेवर ऑर्डरचा क्रमांक, सौद्याचा क्रमांक आणि वेळ छापलेली असे. त्या मिनिटाला त्या शेअरचा भाव काय होता, हे ज्याच्या-त्याच्या दलालाच्या पडद्यावर गावोगावी दिसत होते. 142चे 145 करायला आता जागा नव्हती. शिवाय सब-ब्रोकर, मुंबईचा दलाल, रिंगणातला जॉबर अशी जी साखळी पूर्वी प्रत्येक कडीला काही ना काही ठेवून घेई, ती आखूड झाली. कोल्हापूर-सोलापूरच्या दलालाला मुंबईच्या दलालाचे बोट धरायची गरज उरली नाही. पुढच्या काही वर्षांत एनएसईचे पडदे दोनशेहून अधिक शहरांत पोहोचले.

मुंबई शेअर बाजाराने धोका ओळखला आणि हालचाल केली, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवे. सरकारी मालकीच्या सीएमसी कंपनीने त्यांच्यासाठी ‘बोल्ट’ नावाची यंत्रणा उभारली. 14 मार्च 1995 रोजी काही शेअर्सपासून सुरुवात झाली आणि काही महिन्यांतच सगळे सौदे पडद्यावर आले. रिंगण ओस पडले. सव्वाशे वर्षांची रीत इतक्या झटपट बदलल्याचे उदाहरण जगातल्या जुन्या शेअर बाजारांत सापडणे कठीण. न्यूयॉर्कच्या बाजारात माणसे त्यानंतरही कित्येक वर्षे ओरडत होती. पण बोल्ट सुरुवातीला मुंबईपुरताच होता. शहराबाहेर पसरायची परवानगी त्याला 1997च्या सुमारास मिळाली. तोवर ऑक्टोबर 1995मध्येच, सुरू झाल्यापासून वर्षाच्या आत, एनएसईची उलाढाल मुंबई शेअर बाजाराच्या पुढे गेली होती.

भाव पडद्यावर आला, तरी देणे-घेणे अजून जुन्याच वाटेने होते. मार्च 1995मध्ये, म्हणजे बोल्ट सुरू झाला त्याच महिन्यात, एम. एस. शूज या कंपनीच्या शेअर्समधली देणी थकली आणि मुंबई शेअर बाजार तीन दिवस बंद ठेवावा लागला. सौदा क्षणात होत होता, पण समोरचा पैसे देईल याची हमी कुणाचीच नव्हती. एनएसईने त्यासाठी वेगळी क्लिअरिंग कंपनी काढली. 1996पासून ती प्रत्येक सौद्याच्या मध्ये उभी राहू लागली: विकणाऱ्यासाठी तीच घेणारी, घेणाऱ्यासाठी तीच विकणारी. बदल्यात ती प्रत्येक दलालाकडून आगाऊ अनामत घेई, आणि ती किती घ्यायची हे दिवसभर त्याच्या सौद्यांवरून संगणक ठरवी. कुणाचे किती देणे साचले आहे ते सांगणारी वही अखेर तयार झाली.

उरला कागद. 1968मध्ये कागदांचा ढीग उपसण्यासाठी न्यूयॉर्कचा शेअर बाजार काही महिने दर बुधवारी बंद ठेवावा लागला होता. त्यावर अमेरिकेने काढलेला तोडगा अर्धवट होता: प्रमाणपत्रे एका तिजोरीत ठेवायची आणि नोंदी वह्यांत फिरवायच्या. भारताने मधली पायरी गाळली. 1996च्या डिपॉझिटरीज कायद्याने शेअर ही निव्वळ नोंद होऊ शकते असे मान्य केले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अशा नोंदी ठेवणारी एनएसडीएल ही संस्था सुरू झाली. तिचे पहिले प्रमुख चंद्रशेखर भावे, महाराष्ट्र केडरचे सनदी अधिकारी, पुढे शेअर बाजारांवर देखरेख करणाऱ्या सेबीचेही अध्यक्ष झाले. एनएसडीएलची कचेरी पुढे कित्येक वर्षे लोअर परळच्या कमला मिल कंपाउंडमध्ये होती. गिरणगावात देशाच्या भांडवलाची खातेवही ठेवली जात होती.

लोकांना कागद सोडवेना. कपाटातली प्रमाणपत्रे हातात घेऊन मोजता येत, पडद्यावरच्या आकड्याचे काय? सेबीने मग जबरदस्तीचा, पण टप्प्याटप्प्याचा मार्ग धरला. जानेवारी 1998पासून मोजक्या शेअर्समध्ये वित्तसंस्थांना डीमॅट, म्हणजे कागदाऐवजी नोंदीच्या रूपातले शेअर, सक्तीचे झाले, जानेवारी 1999पासून निवडक शेअर्समध्ये सर्वांनाच. डीमॅटच्या हस्तांतराला मुद्रांक शुल्क माफ होते, आणि हा अर्धा टक्का कित्येक भाषणांपेक्षा जास्त उपयोगी पडला. बॅड डिलिव्हरी हा शब्द दोन-तीन वर्षांत वापरातून गेला.

कुणाचे काय गेले

रिंगण गेले, पण रिंगणातली सगळी माणसे गेली नाहीत. एकच शेअर एनएसईवर एका भावाला आणि मुंबई शेअर बाजारात चार आणे वर-खाली मिळतो, हे ज्यांच्या आधी लक्षात आले ते जुने जॉबरच. दोन पडदे शेजारी ठेवून एकीकडे घ्यायचे आणि दुसरीकडे विकायचे, हा त्यांचा नवा धंदा झाला. तोंडी हिशोबाची तीच सवय आता कीबोर्डवर उतरली.

गावोगावच्या शेअर बाजारांना असा आधार सापडला नाही. पुण्याच्या बाजाराला 1982मध्ये मान्यता मिळाली होती. पुण्याचा दलाल मुंबईच्या पडद्यावर सौदे करू लागल्यावर पुण्यात वेगळा भाव ठरायचे कारणच संपले. देशभरच्या वीसेक प्रादेशिक बाजारांचे हेच झाले. सेबीने 2012मध्ये त्यांना बाहेर पडण्याचा रस्ता आखून दिला आणि पुण्यासह एकेक बाजार मिटला. बदलाही गेला. 2001मध्ये केतन पारेख या दलालाचे प्रकरण आणि कलकत्त्याच्या बाजारातली थकबाकी यांनंतर, त्याच वर्षी जुलैपासून तो बंद झाला. पंधरवड्याचे वळण आधी तीन दिवसांवर, 2003मध्ये दोन दिवसांवर आणि 27 जानेवारी 2023पासून सगळ्या शेअर्ससाठी एका दिवसावर आले. अमेरिका त्या मुक्कामाला 2024च्या मेमध्ये पोहोचली.

दरम्यान पडदा दलालाच्या कचेरीतून घरी आला. 2000च्या सुरुवातीला सेबीने इंटरनेटवरच्या सौद्यांना परवानगी दिली. दशकभराने ते मोबाइलवर आले. मार्च 2020मध्ये देशात सुमारे 4 कोटी डीमॅट खाती होती. टाळेबंदीत घरी बसलेल्या तरुणांनी ती भराभर उघडली, आणि ऑगस्ट 2022मध्ये हा आकडा 10 कोटींच्या पुढे गेला.

आणि तरीही जवळिकीची किंमत परत आलीच. उपग्रहाचा पाव सेकंद आता कुणाला परवडेना. काचतंतूच्या तारेतून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे 200 किलोमीटर जातो. संगणकच सौदे ठरवू लागल्यावर तोही वेळ मोजला जाऊ लागला. 2010मध्ये एनएसईने ‘कोलोकेशन’ सुरू केले: भाडे भरून दलालाने आपला संगणक बाजाराच्याच डेटा सेंटरमध्ये ठेवायचा. वडाखाली, गल्लीत, रिंगणात जी जागा माणसे अडवत होती, ती आता रॅकमधल्या यंत्रांनी घेतली.

जानेवारी 2015मध्ये सेबीकडे एक निनावी पत्र गेले. काही दलालांना बाजाराचा डेटा इतरांच्या आधी मिळतो, असा त्यात आरोप होता. यंत्रणा डेटा जोडलेल्या संगणकांना एकामागून एक पाठवत असे, त्यामुळे सकाळी जो पहिला जोडला जाई त्याला दिवसभर किंचित आघाडी मिळे. ते पत्र ‘मनीलाइफ’मधून उजेडात आणले सुचेता दलाल यांनीच. एनएसईने त्यांच्याविरुद्ध 100 कोटींचा बदनामीचा दावा लावला. मुंबई उच्च न्यायालयाने एनएसईला अंतरिम मनाई तर दिली नाहीच, उलट 50 लाखांचा दंड ठोठावला. 2019मध्ये सेबीने एनएसईला 624.89 कोटी रुपये व्याजासह भरायला सांगितले. 2023मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो आदेश रद्द करून दक्षतेतल्या उणिवेसाठी 100 कोटी भरायला लावले. 2024मध्ये सेबीने संगनमताचा पुरावा नसल्याचे म्हणत एनएसई आणि माजी अधिकाऱ्यांवरचे आरोप सोडून दिले. डेटा सर्वांना एकाच वेळी पाठवण्याची पद्धत तोवर कधीच लागू झाली होती.

वेगवान तारांची दुसरी बाजू 24 फेब्रुवारी 2021 रोजी दिसली. सकाळी 11.40 वाजता एनएसईचे व्यवहार थांबले आणि दुपारी 3.45 वाजता पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात ज्यांचे सौदे अर्धवट अडकले, त्यांच्यापैकी अनेकांना त्यांच्या दलालांनी मुंबई शेअर बाजारात मोकळे करून दिले. बाकीचे हात चोळत बसले. चौकशीनंतर एनएसईने सांगितलेल्या कारणांत दोन टेलिकॉम कंपन्यांच्या जोडण्या डळमळीत होणे हे होते, आणि त्यामागे होते तारांच्या वाटेवर चाललेले खोदकाम आणि बांधकाम. देशातला सर्वांत मोठा बाजार रस्ता खणणाऱ्यांनी अडवला होता.

त्यानंतर पर्यायी केंद्रावरून बाजार चालवण्याच्या तालमी सुरू झाल्या. 2 मार्च 2024 रोजी, शनिवार असूनही, दोन्ही बाजार त्यासाठी उघडले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सेबीने आणखी एक परिपत्रक काढले. 1 एप्रिल 2025पासून एनएसई बंद पडला तर मुंबई शेअर बाजाराने त्याचे व्यवहार सांभाळायचे, आणि मुंबई शेअर बाजार बंद पडला तर एनएसईने. 1994मध्ये एकमेकींच्या गिऱ्हाइकांसाठी भिडलेल्या दोन संस्थांना आता एकमेकींची पर्यायी यंत्रणा म्हणून तयार राहणे बंधनकारक आहे.